पाणी कुठे जातं

रोज सकाळी दीड बादली.
आई रेडिएटरचं झाकण उघडून ओतायची
आणि संध्याकाळपर्यंत पातळी तळाला.
सप्टेंबर सरत आलेला, बटाटा अजून जमिनीत,
परावानी सरोवरावरून येणारा वारा
कान कापून हातात द्यायचा.

ट्रॅक्टर मिन्स्कचा, माझ्याहून सत्तावीस वर्षांनी मोठा,
आणि त्याची नस ओळखणारा एकच माणूस
मार्चपासून रशियात, कुठल्याशा पुलाच्या कामावर.

फोनवर बाबा म्हणाले, होज बघ.
कोरडे.
क्लिपा आवळ.
आवळल्या.
पंपाखाली बारीक भोक आहे, तिथून थेंब येतो का?
आईने बोट लावलं. बोटाला नुसती धूळ.
त्या रात्री तिने इंजिनाखाली
फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरला.
सकाळी पुठ्ठ्यावर मांजर झोपलेलं.
ओल म्हणून नाही.

"मग मोहरीची पूड टाक दोन चमचे,
आपोआप बुजतं. नोव्हेंबरात मी येतोच आहे."

आईने फोन खिशात टाकला, डिपस्टिक ओढली.
तेलाला दुधाळ कॉफीचा रंग.
ती बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिली.
"बाहेर नाही, आत गळतंय,"
म्हणाली, आणि बाह्या सारल्या.

सेरोबआजोबा जुन्या सामुदायिक शेताचे मिस्त्री.
गुडघे गेलेले, पाने मात्र सगळे जागच्या जागी.
ते म्हणाले, तेल सोड, पण हळू,
आधी पाणी येईल. पाणी जड, ते तळ धरून बसतं.
आलंच. लिटरभर, स्वच्छ,
आणि मागून ते आजारी तेल.

चेंबर उतरवलं. रेडिएटर काठोकाठ भरला.
आई मेंढीच्या कातड्यावर उताणी, इंजिनाच्या पोटाखाली,
मी शेजारी, बॅटरी धरायला.
"हलवू नकोस."
खालून चार सिलिंडर चार विहिरींसारखे दिसत होते,
उलट्या टांगलेल्या.
पाऊण तास काहीच नाही.
मग तिसऱ्याच्या कडेला एक थेंब आला,
फुगला, लोंबला, विचारात पडला,
आणि आईच्या कपाळावर.
तिने तो पुसलाही नाही.
"तिसरा," म्हणाली.

पुढचे चार दिवस अंगणात लोखंड.
हेड उचलायला शेजारचे दोघे आले,
लायनर खालून लाकडी ठोकळ्याने ठोकत काढला.
त्याच्या बुडाचे दोन रबरी वेढे
बिस्किटासारखे मोडले हातात.
आणि पाण्याच्या वाटेत सगळीकडे
पिवळी खपली, बोटभर जाड.
आईने नखाने खरवडली, वास घेतला.
दोन चमचे नव्हते ते. वर्षानुवर्षं होती.
सेरोबआजोबा अचानक
समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या मोजू लागले.

नवे वेढे अखलकलाकीच्या बाजारातून,
दोघांची मिळून किंमत दोन पाव.
साबण लावून बसवले, न पिळता.
हेडचे नट आधी मधले, मग बाहेरचे, तीन फेऱ्यांत.
"चादरीची सुरकुती कशी मधून कडेला ढकलतेस,
तसं," आजोबा म्हणाले.
चादरीचं त्यांना काय ठाऊक, आई पुटपुटली,
पण ढकललं तसंच.

पहिल्या धडधडीला पांढरा धूर,
मग काळा,
मग धूर आहे की नाही कळेना.
पाच दिवसांत बटाटा निघाला. सहाव्या दिवशी बर्फ.
रोज रात्री मी खालची तोटी उघडून
सगळं पाणी सोडून द्यायचो,
इथली थंडी लोखंड उकलते.
सकाळी मोजून तेवढंच परत भरायचं.
मोजून तेवढंच.

रविवारी बाबांचा फोन.
"टाकलीस मोहरी?"
"नाही."
"मग गळतंय ना अजून?"
"नाही."
पलीकडे क्रेन कुरकुरत होती, कोणीतरी हाका मारत होतं.
"मग... होतं कुठून?"
खिडकीत आईने एक बरणी ठेवली होती,
लोणच्याची, रिकामी करून, आत ती पिवळी खपली.
तिच्याकडे बघत ती म्हणाली,
"ये. मग दाखवते."