तिसरी डिस्क

वाचनालयाची गाडी मी चालवतो
दर गुरुवारी, वेअरडेलच्या चढांवरून.
मागे हजारेक पुस्तकं, वळणावळणाला एकमेकांना टेकणारी,
आणि एक निळं खोकं: इन्स्पेक्टर लॅपिश,
तेरा भाग, चार डिस्क, साल एकोणऐंशी.

खोकं परत येतं ते कधी गप्प येत नाही.

मिस फेदरस्टन म्हणाल्या, नमनाला घडाभर तेल.
प्रेत सापडायलाच चाळीस मिनिटं,
तोवर माझा एक मोजा विणून झाला.
तरी पुढल्या गुरुवारी त्याच पायरीवर उभ्या:
आहे का ते? की दिलंत कुणाला?

नॉर्मन पीअर्ट, निवृत्त खाटीक,
त्याला हा संथपणाच आवडतो.
लॅपिश चहा ओततो तेव्हा चहाच ओततो, म्हणतो,
हल्लीचे धावतात, ओरडतात,
कुणी कुणाकडे नीट बघत नाही.
पण दुसऱ्या भागात बकरा उलटा टांगलाय,
हे त्यानं मला तीनदा सांगितलं.

कॅलम लीड्सहून नवीन आलेला, छपरांवर सौर पट्ट्या बसवतो.
त्याला भलतंच दिसलं:
बायका नुसती दारं उघडतात, सँडविच आणतात, मरतात.
आईला आवडायची ही मालिका, म्हणाला,
म्हणून शेवटपर्यंत बघितली. रागात बघितली.
मी काय बोलणार. तारखेचा शिक्का मारला.

आणि डग्लस रॉबसन, एकोणतीस वर्षं हवालदार.
सगळं खोटं, म्हणाला,
इतक्या लवकर कुणी कबूल होत नाही.
माझीच एक केस, स्टॅनहोपच्या खाणीजवळची...
तिथे थांबला. टोपी घातली. उतरला.

तक्रार मात्र सगळ्यांची एक:
तिसरी डिस्क, सातवा भाग, अडते.
पुलावर लॅपिश वळतो, तोंड उघडतो
आणि चौकोन चौकोन होऊन थिजतो.
खुनी कोण, आमच्या दरीत कुणालाच ठाऊक नाही.
मिस फेदरस्टनचा संशय डॉक्टरवर,
नॉर्मनचा मेव्हण्यावर,
कॅलम म्हणतो, लॅपिशच निघाला तर बरं.

एका गुरुवारी मेंढ्यांनी रस्ता अडवला.
वेळ होता. डिस्क काढून उजेडात धरली.
ओरखडे नव्हतेच ते. ठसे, एकावर एक,
एकाच अंगठ्याचे,
काठाला संत्र्याच्या मुरंब्याचा डाग.
काखेत कळसा!
अजून घरी मुरंबा घालणारं घर
रूकहोपला एकच उरलंय.

आयलीन टॅलेंटायरनं नाकारलं नाही.
बसा, म्हणाली, आणि लावली.
अडायच्या आधी अकरा सेकंद
पुलावर लॅपिश येतो. त्याच्या पाठीमागून
दुधाची गाडी, बाटल्यांची किणकिण,
टोपी मागे सरकवलेला एक माणूस
सरळ कॅमेऱ्यात बघतो,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं काय चाललंय ते.
विल्फ. जाऊन सोळा वर्षं झाली.

फोटो पुष्कळ आहेत, ती म्हणाली,
हलणारा एवढाच.

मालिका कशी वाटली, मी सवयीनं विचारलं.
भिकार, म्हणाली.
लॅपिश पुटपुटतो, अंधार फार,
आणि तेरा भागांत एकालाही सुचत नाही
दूधवाल्याला विचारावं, पहाटे काय दिसलं.

रुमाल खिशात होता. ओला करून पुसलं असतं
तर पाच मिनिटांत खुनी सापडला असता.
मी नोंदवहीत लिहिलं:
तिसरी डिस्क, किरकोळ डाग, बदलू नये.

पुढल्या गुरुवारी डग्लस चढला.
कळलं का कोण ते?
नाही, म्हटलं.
तो जरा वेळ खिडकीबाहेर, खाणीच्या दिशेला बघत राहिला.
मग म्हणाला, द्या परत,
आणि खोकं काखेत मारून गेला.