छेद

मारेगावच्या उपकेंद्रात फळ्यावर मी लिहिलं : पाच.
यंदा दगावलेली बाळं. गेल्या साली दोन.
शोधनिबंधाचं शीर्षकही सुचलं होतं.

गिरजा टेकाम, आशाताई,
रजिस्टर मिटत म्हणाली,
"मेले थे मोजले तुमी, म्याडम.
जगले थे कोन्या वहीत हायेत?"

अंश माझ्याकडे होता. छेद
माहेरी गेला होता बाळंतपणाला,
वीटभट्टीवर, वणीच्या दवाखान्यात,
कुलूप लागलेल्या अकरा घरांत.

तीन आठवडे तिच्या मागं मागं
दारं ठोठावली.
रेघेखालचा आकडा वाढत गेला.
निबंध बारीक होत गेला.

मग रेघेच्या वरही एक वाढलं.
नाव ठेवायच्या आधीच गेलेलं,
म्हणून कुणी लिहिलेलं नव्हतं.
तारीख?
आईनं गिरजाकडे पाहिलं.
"बाजाराचा दिवस होता थो," गिरजा म्हणाली, "लिवा."