नेम नाही

अरबाबाचा पोरगा हिलाल दुपारी बंदूक घेऊन आला
आणि ठेवली माझ्या लेथशेजारी, पंपाच्या सुट्या भागांवर.
म्हणाला, मुहंदिस, ही खोटं बोलते.

मी कसला मुहंदिस? इचलकरंजीत मागाच्या धोट्यांना टोकं बसवायचो.
पण इब्रीत ज्याच्या हाती पाना तो मुहंदिस.

छऱ्याची बंदूक, स्वस्तातली.
दस्ता लाकडाचा वाटावा असं प्लॅस्टिक,
नळी मोडून भरताना आवाज
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याचा.
खजुरावर उतरणाऱ्या साळुंक्यांसाठी आणलेली.
साळुंक्या अजून हिला ओळखत नाहीत.
वीस पावलांवरून ट्यूनाच्या डब्यावर पाच बार काढले त्यानं.
डबा जागच्या जागी,
पाच छरे पाच गावांना.

पहिल्यांदा स्क्रू पाहिले. पुढचे दोन,
दर झटक्याला थोडे थोडे उकलत
अर्ध्या आट्यावर लोंबत होते.
आवळले. बेतानं.
प्लॅस्टिकला जास्त पिळलं की ते कुरकुरत नाही, थेट फाटतं.

मग नळी. शाजहाननं सांगितलं म्हणून
पोरानं आत खोबरेल सोडलेलं.
दर बाराला धूर, आणि खमंग वास, फोडणी दिल्यासारखा.
माझ्या जुन्या बनियनच्या चिंध्या
मासे धरायच्या दोरीला बांधून ओढल्या आरपार:
काळी, काळी, करडी,
सातवी बनियनच्याच रंगाची.

छऱ्यांचा डबा कधीतरी फरशीवर पडलेला.
एकेक चिमटीत फिरवून बघितला
रात्री, खोलीतले बाकीचे पत्ते खेळत असताना.
एकसष्ट छऱ्यांचे घेर चेपलेले.
ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरले. का, माहीत नाही.
शिसं टाकवत नाही.

दुर्बीण केसभर मागे सरकलेली,
पट्टीवर ओरखडा होताच साक्षीला.
नळीच्या तोंडाशी एक बारीक कंगोरा,
नखाला लागत होता, डोळ्याला नाही.
तो घासून काढला. हा मात्र माझा धंदा.

एवढं करून शुक्रवारी, नमाजानंतर, पुन्हा डबा.
पुन्हा पाच गावं.
आता अरबाब मागे उभा, हात पाठीशी, बोलत काहीच नव्हता.

तेव्हा मी बंदुकीकडे बघायचं सोडून
पोराकडे बघितलं.
दस्ता खांद्यात रुतवलेला, गाल दाबलेला,
बोटांची पेरं पांढरी,
श्वास कोंडून धरलेला बापासाठी.

मी म्हटलं, सोड तिला. तिला उडायचंच आहे,
आत स्प्रिंग आहे, ती उडणारच.
तू अडवलीस की ती दर वेळी वेगळ्या बाजूला उडते.
डावा हात उघडा ठेव,
भाकरी तव्यावर सोडताना असतो तसा.
हे हिंदीत आणि अरबीत मिळून सांगितलं,
भाकरीचं मराठीतच राहिलं.

मी स्वतः घोड्याला बोट लावलेलं नाही.
माझ्या पताक्यावर पंप दुरुस्ती लिहिलंय,
बंदूक लिहिलेली नाही.

त्या रात्री फोनवर सुमेधला विचारत होतो
गणितात एकतीसच का,
का, का,
तो गप्प.
आणि माझं लक्ष गेलं बोटांकडे, फोनवरच्या.
मग विचारलं, जेवलास का.
म्हणाला, हो.
एवढंच. पण पटकन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन वंगण पातळ करायच्या आत,
हिलालनं एकट्यानं डबा मांडला.
बाप झोपलेला. मी फक्त दार उघडायला गेलो होतो.
चार भोकं, पन्नास बैशांच्या नाण्याखाली
झाकली जातील इतकी जवळ.
त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली,
आणि आनंदात त्यानं पाचवा आवळून मारला.

तो गेला शेजारच्या पाण्याच्या टाकीत.

आता मी शिडीवर आहे, हातात फायबरचा तुकडा.
पाणी तारेसारखं बारीक, सरळ बाहेर येतंय,
बरोबर मधोमध,
जणू तिथंच मारायचं होतं.
खाली पोरगा शिडी धरून उभा.
घट्ट धर, मी त्याला सांगतो,
इथं घट्टच धरायचं.