प्रत्यक्ष पडताळणी

जिमखान्याचं खातं माझ्याकडे आलं
तेव्हा मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.
पण तलावात पाणी किती, ते तोंडपाठ:
सहा लाख चाळीस हजार लिटर,
त्यातलं जवळजवळ निम्मं त्या खोल टोकाला,
जिथे फक्त एक मुलगी उडी मारते.

क्लोरीनची पिंपं, दर तिमाहीला.
फिल्टरची वाळू बदलली, चौदा हजार सातशे.
पोहणारे सदतीस, शिवाय सकाळच्या बॅचला
अलकापुरीतल्या बायका; खरं तर
त्यांच्या फीवरच चाललंय सगळं.
विश्वामित्रीला पूर आला त्या साली
उथळ भागात मगरीचं पिल्लू निघालं.
धरायला आलेल्या पोरांनी पैसे घेतले नाहीत,
चहा-फाफडा एकशे चाळीस.
हे कुठल्या सदरात टाकू, विचारलं तर
तांबवेकर सर म्हणाले, "पाहुणे."
तसंच टाकलंय. कुणी हटकलं नाही.

हटकलं ते डायव्हिंगला.
पारेखसाहेबांची लाल शाई: लाभार्थी एक.
खर्च वार्षिक शहाण्णव हजार. समर्थनीय नाही.
आणि खाली, पेन्सिलीनं, जरा हळू आवाजात:
खोल टोक भरून घ्यावं, चार फुटांपर्यंत.
पाणी वाचेल, औषध वाचेल, बायकांची बॅच वाढेल.

खोटं नाही त्यात काही. मीच हिशोब करून पाहिला,
तीन वर्षांत भरावाचा खर्च निघून येतो.
टिपण तयार झालं. सहीआधी एकच ओळ राहिली:
प्रत्यक्ष पडताळणी केली / नाही.
बावीस वर्षं मी तिथला 'नाही' खोडत आलोय,
खुर्चीवरून न उठता.

या वेळी का उठलो, सांगता येत नाही.
पंखा बंद होता, म्हणूनही असेल.

जिज्ञा राठवा. बी.ए. दुसरं वर्ष. फी माफ.
छोटा उदेपूरकडची,
ओरसंगच्या पुलावरून उड्या मारत
आणि त्यासाठी मार खात मोठी झालेली.
फळीच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली
(नव्या फळीचं कोटेशन माझ्याच कपाटात, चार लाख ऐंशी).
पाण्याकडे पाठ, टाचा फळीबाहेर,
इतका वेळ नुसती उभी
की मला प्रश्न पडला, हा वेळ कशात धरायचा.
मग गेली.

मी घड्याळ पाहिलं. सवय.
दीड सेकंद. रोजच्या चाळीस उड्या,
वर्षाचे दोनशे दिवस:
बारा हजार सेकंद हवेत.
शहाण्णव हजार भागिले बारा हजार.
सेकंदाला आठ रुपये.
दांडियाबाजारच्या नाक्यावर कटिंग दहाला मिळतो;
तेवढ्यात ती सव्वा सेकंद
कशालाही टेकलेली नसते.
पुन्हा करून पाहिलं. आकडा तोच.

पाणी फारसं उडालं नाही.
चार थेंब फाइलवर. लाल शाई थोडी फुटली,
पेन्सिल तशीच राहिली.

तिनं डोकं वर काढलं, नाक शिंकरलं,
काठावर कागद-पेन घेतलेला माणूस बघून विचारलं,
"काका, केटला?"

माझ्या मनात एका उडीचा आकडा होता,
तोच सांगून टाकला: बारा.

ती हसली. "दसथी उपर न होय, काका,"
आणि ओल्या पायांनी पुन्हा शिडीकडे गेली.