अर्धा व

घणसोलीच्या नाक्यावर, हार्डवेअरच्या दुकानावरती,
पहिल्या मजल्याचा बोर्ड.
आठ बाय तीन, पांढऱ्यावर निळा,
मजुरी अठराशे, रंग त्यांचा.
मजकूर कागदावर: व्यसनमुक्ती केंद्र.
खाली बारीक: व्यसनींसाठी निवासी सोय.

हाताने बोर्ड आता कोण रंगवून घेतं?
करंबेळकर सर. संस्कृतचे, निवृत्त.
म्हणाले, फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो,
आणि इथे जिना चढणाऱ्याला
अजून एक फाटकी गोष्ट कशाला दाखवायची.

खडूचा दोरा ताणून टिचकी मारली.
आधी व.
पण पुरा नाही, दांडी काढलेला,
यला टेकून उभा.
टेकल्याशिवाय त्याला उभंच राहता येत नाही.
चौदा महिने झालेत मला,
तरी सकाळी अकरापर्यंत हात थरथरतो.

सरांनी शिडी धरलेली. खालून म्हणाले,
वि आणि अस्. अस् म्हणजे फेकणं.
व्यसन म्हणजे फेकलं जाणं, दूर, विस्कटून.
जुन्या ग्रंथांत हा शब्द संकटाला आहे,
राजावर येतं तसं, राज्यावर येतं तसं.
मी म्हटलं, मग सर, फेकलं कोणी?
सरांनी शिडीचा दुसरा पाय धरला.

आमच्याकडचे शब्द वेगळे.
तळवलीत आई सांगायची, आहारी गेलाय माजा पोर.
मला वाटायचं, मी दारू पितोय.
कोण कोणाचा आहार, ते तिला आधी कळलं होतं.
मेव्हणा म्हणायचा बेवडा.
दोनदा गाळलेल्या दारूचं नाव म्हणे ते.
मला एकदाच गाळलं,
रबाळ्याच्या कंपनीनं, यादीतून.
चौकीवरचा अंमलदार म्हणायचा, अंमल चढलाय याला.
एकाच शब्दाची दोन पोरं आम्ही,
त्याला खुर्ची मिळाली.

आणि ज्या वर्षी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकला,
बिल्डरचा चेक वटला,
त्या वर्षी मी शौकीन होतो.
शौकीन, दिलदार, राजामाणूस.
पैसे संपले तसा शब्द बदलला.
बाटली तीच.

सर म्हणाले, माझ्या मानपत्रात होतं, विद्याव्यसनी.
शाल आणि नारळासकट.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांच्या प्रसन्नचं मला ठाऊक होतं.
बेबीताई सांगतात, ज्या इथे डाळभात करतात:
ठाण्याच्या सिव्हिलला केसपेपरवर
नावाच्या रकान्यात कुणी घाईघाईनं लिहिलेलं,
गर्दुल्ला, वय अंदाजे पंचवीस.
ओळख पटवायला सर तेवढ्यावरून गेले.

गर्द म्हणजे धूळ, सर एकदम म्हणाले. फारसी.
शिडी थोडी हलली.

मी खाली उतरलो.
दमा असलेल्याला आपण दमेकरी म्हणतो, सर,
पण त्याच्या ताटाशेजारी बसतो की नाही?
ती खालची ओळ माझ्या हातून व्हायची नाही.
सरांनी चार पर्याय लिहिले, चारही शुद्ध,
एकही आठ फुटांत मावेना.
शेवटी पेन्सिलीनं सगळं खोडून
एवढंच ठेवलं: राहायची सोय आहे.

या बोलण्यात ऊन कललं.
बोर्डावर फक्त व्य झालं होतं,
निळं, ओलं, जरा उजवीकडे झुकलेलं.

खाली एक बाई थांबली.
मुलाचा दंड घट्ट धरलेला, मुलगा तिच्यापेक्षा उंच.
तिनं वाचलं, मग मला विचारलं,
काय उघडतंय हो? व्यायामशाळा?
मुलानं मान वर केली नाही.

या वर, मी म्हटलं.
पुढची अक्षरं उद्या लिहायची आहेत.