मनगटावर

दुर्बीण तिची, तिपाई माझ्या खांद्यावर.
याच खांद्यावर चौदा उन्हाळे
मिठाच्या पाट्या होत्या.
तिपाई त्यामानाने हलकी,
पण तिची किंमत कळल्यापासून
जड लागते.

आगरवाड्याच्या बांधावर अजून दव आहे.
आयरीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची.
नुसतं आयरी म्हण, म्हणते. जीभ वळत नाही.
तिच्या गावी आत्ता, सांगते,
दुपारी तीनला दिवे लागतात
आणि तळ्यावरून ट्रक जातो.
आमच्याकडेही जातो पाण्यावरून ट्रक,
म्हटलं, फेरीबोटीतून,
आणि वर हॉर्न वाजवतो.

अकरा हिवाळे झाले.
पहिले नऊ ती दोघं यायची.
ओलावीसाहेब पुढे, ती चार पावलं मागे,
मध्ये एक भांडण, दरवर्षी तेच:
आधी कोणी ऐकलं.
साहेबांची वही आता तिच्या पिशवीत असते.
मी सांगितलेली नावं
त्यांनी आपल्या अक्षरांत बसवलेली,
डोक्यावर दोन-दोन टिंबं देऊन.
शेकाट्या. ढोकरी. धोबी.
धोबी म्हणजे कपडे धुणारा? ते हसले होते,
आमच्याकडे तो नांगरामागून चालतो.
म्हटलं, साहेब, मुलूख बदलला
की धंदा बदलतो.
माझंच बघा.

आज तिसऱ्या कोंडीत
शेकाटे आपल्याच लाल पायांकडे बघत उभे होते.
कडेच्या गवतातून ठिपकेवाली तुतवार उठली,
चिफ्-इफ्-इफ्,
मी वळलो.
आयरीबाई मानशीकडे बघत होती.
पुन्हा ओरडली, अगदी डोक्यावरून.
ती काच पुसत राहिली.

मागच्या वर्षीच कळायला हवं होतं मला.
मी आवाजाकडे बोट करायचो,
ती बोटाकडे बघून हो म्हणायची.

बारीक आवाज गेले, म्हणाली,
तिच्या मोडक्या इंग्रजीत,
माझ्या त्याहून मोडक्याला कळेल असं.
आधी रातकिडे.
मग नातीची शिट्टी.
मग लिरो.
लिरो म्हणजे हीच तुतवार.
तिच्या घरामागे दलदल आहे,
तिथे जूनमध्ये अंडी घालते.
ओलावीला ऐकू यायची शेवटपर्यंत,
आणि मी खोटंच म्हणायचे, मलाही.

म्हणजे पाखरू तिचंच.
तिच्या परसातलं.
आणि इतकी वर्षं मी ते
आमचं म्हणून दाखवत होतो,
पैसे घेऊन.

मिठागरात उन्हात ओरडून बोलत नाहीत,
घसा सुकतो.
आम्ही फळीवर ठोकायचो:
एक ठोका, पाणी सोड.
दोन, अडव.
दुसऱ्या टोकाचा माणूस
तळपायांनी ऐकायचा.

मी तिचं मनगट धरलं. न विचारता.
बांधावर दोघंच, आणि ते कोणी बघितलं असतं तर
गावात चार दिवस पुरलं असतं.
तुतवार पलीकडच्या कोंडीतून बोलली,
मी बोटाने ठोकलं. तीन.
ती गप्प.
पुन्हा बोलली. पुन्हा तीन.
नाही, म्हणाली,
पहिल्यानंतर जरा थांब,
दुसरा-तिसरा चिकटून.
आणि माझ्याच मनगटावर
ठोकून दाखवलं.
खरंच, तसंच होतं.
चौदा उन्हाळे इथे राबलो,
इतकं नीट ऐकलं नव्हतं.

मग आम्ही बराच वेळ उभे राहिलो.
ऊन चढलं. माझ्या बोटाचा चिखल
तिच्या कातडीवर वाळून पांढरा झाला,
मीठ असतं त्यात.
एकदा मी ठोकायच्या आधीच
तिने मान वर केली.
आधी मी, म्हणाली.
कोणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.
पाखरू मला दिसलं नव्हतं,
ऐकूही आलं नव्हतं.

वहीत आज काही लिहिलं नाही तिने.
परतताना वळणावर
सायकलवरून पोदेर आला,
पों पों करत, भोंगा पार दाबून.
तो मात्र ऐकू आला तिला.
दचकलीच.
दोन पोळे घेतले,
एक माझ्या हातात दिला, गरम.