झडती

उत्तमच्या मोबाइलचं कुलूप इंग्रजी झेडसारखं फिरवायचं,
हे मला त्याच्या पोरानं सांगितलं,
आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर, अंगठा हवेत फिरवून.

आत माझ्या भावाची माणसं होती.
एकशे चौऱ्याहत्तर. जुन्या रेडिओवाली.
रोज कुणाच्या तरी सेटचं पोट उघडं,
कुणाला काटा हवा, कुणाला मागचा पुठ्ठा,
कुणी नुसतंच विचारतं,
तुमच्याकडे सिलोन लागतं का हो अजून?

ह्यांच्यात मला मागायचं होतं.

आधी लिहिलं, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की"
आणि पुसलं. ते तर तेराव्याच्या पत्रासारखं झालं.
मग लिहिलं "गरीब". तेही पुसलं,
कारण त्याचं शालिमारमागचं दुकान आठवलं,
शटरवर स्वतःच्या हातानं रंगवलेलं: उधार बंद, चहा चालू.
नळ्यांतला फोटो लावा, लोक लवकर देतात,
बिलाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली.
वाईट मनानं नाही. रोज बघते ती.
मी लावला डाग देतानाचा,
ओठांत दोन स्क्रू धरलेला.

शेवटी एवढंच गेलं:
मी उत्तमची मोठी बहीण. त्याच्या स्वादुपिंडाला सूज आहे.
मुंबई नाक्याजवळच्या दवाखान्यात आज अकरावा दिवस.
चार लाख बारा हजार झाले. आमच्याकडचे संपले.

रात्री सव्वाअकराला सिन्नरचे कुणी आव्हाड:
"हल्ली फोन चोरून असे पैसे मागतात.
बिल पाठवा. सगळी पानं."

कानशिलं तापली.
खाली टपरीवर जाऊन चहा नुसता हातात धरून उभी राहिले.
शेवटची सिटीलिंक रिकामी द्वारकेकडे गेली.

आमचे वडील नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
एकतीस वर्षं कोऱ्या नोटांच्या वासात काढली
आणि रोज सुटताना फाटकावर झडती.
खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
आई चिडायची.
ते म्हणायचे, अगं, झडती दिली की माणूस मोकळा घरी येतो.

पाठवली पानं. सव्वीस.

पहाटेपर्यंत मोबाइल थरथरत होता.
पाचशे एक. दोन हजार.
निपाणीहून एक्कावन्न, खाली "सध्या एवढेच, रागावू नका."
पोराच्या गणिताच्या वहीत, मागच्या बाजूनं
मी नाव लिहीत गेले, रक्कम लिहीत गेले,
फेडायचेत म्हणून.

आव्हाडांचं काहीच नाही.
सकाळी साडेसातला त्यांचा फोन, घसा खाकरत:
"पान नऊ. एका दिवसात हातमोजे एकशे चाळीस जोड.
डॉक्टर काय सहस्रार्जुन आहेत?
पान चौदा. तीच तपासणी दोनदा, वेळसुद्धा तीच.
पान वीस. खाटेचं भाडं वेगळं, गादीचं वेगळं.
मग गादी काय छताला होती?
लिहून घ्या, ताई. जिल्हा परिषदेत ऑडिट केलंय मी.
पेन्शनीतून द्यायला जमत नाही. वाचायला जमतं."

लिहून घेतलं. खिडकीवर गेले.
मुलीनं साहेबांना बोलावलं, साहेबांनी चष्मा शोधला.
एकोणचाळीस हजार सहाशे कमी झाले.
उरलेला आकडा अजून आमच्यापेक्षा मोठाच होता.

भेटीच्या वेळेत उत्तमच्या कानाशी वाकून म्हटलं,
सिन्नरच्या आव्हाडांचा फोन होता.
त्यानं डोळे उघडले.
आवाज खरखरीत, दोन स्टेशनांच्या मधला:
"त्यांना सांग... जुन्या लाकडाला...
पॉलिश नसतं मारायचं.
तीन वर्षं सांगतोय."

सिस्टर म्हणाली, चला, वेळ झाली.

बाहेर येऊन वही उघडली.
आव्हाडांच्या नावापुढचा रकाना कोरा होता.
बराच वेळ पेन धरून बसले,
मग रकमेच्या जागी लिहिलं:
पान नऊ, चौदा, वीस.